शवविच्छेदनगृहाची खिडकी

नाशिकच्या वेशीवर म्हसरूळ येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. त्याच रस्त्याने दिंडोरी, वणी आणि नांदुरी मागे टाकून, सप्तशृंगगडाच्या उभ्या कड्याला वळसा घालून गेले म्हणजे गिरणेच्या खोऱ्यात कळवण हे तालुक्याचे गाव लागते. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. वैद्यकशास्त्रातील एखादे मत विद्वानांच्या सभेत ठरते तेव्हा त्याचा एक अर्थ असतो, आणि तेच मत हुकुमाचे रूप घेऊन या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा पालटलेला असतो. करोनाच्या साथीत, साथरोगाने मेलेल्या अथवा तसा संशय असलेल्या माणसाचे शवविच्छेदन करावे की करू नये, आणि करावयाचे तर करणाऱ्याचा जीव कसा सांभाळावा, या प्रश्नावर जगभरच्या डॉक्टरांत जो मतभेद झाला, तो मला या दुसऱ्या टोकाकडून पाहावयाचा आहे. कारण माझ्या समजुतीप्रमाणे त्या मतभेदाचा उलगडा येथेच होतो.

कळवणसारख्या तालुक्यात शवविच्छेदन ही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. विहिरीत सापडलेली विवाहिता, फवारणीचे औषध प्यालेला कर्जबाजारी तरुण, पावसाळ्याच्या रात्री अंथरुणात मण्यार चावलेले मूल, घाटाच्या वळणावर उलटलेल्या जीपमधील मजूर, अशा प्रत्येक मृत्यूची पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंच बोलावून मयताचा पंचनामा होतो आणि देह सरकारी रुग्णालयाच्या स्वाधीन केला जातो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे चाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे चालते. कलमाचा आकडा बदलला, शिरस्ता तोच राहिला. मोठ्या शहरात या कामासाठी न्यायवैद्यकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आणि त्या विषयाचे पदवीधर असतात. तालुक्यात सकाळी बाह्यरुग्ण विभागात तापाचे रोगी तपासणारा, दुपारी बाळंतपण उरकणारा आणि सायंकाळी लसीकरणाचा तक्ता भरणारा जो वैद्यकीय अधिकारी असतो, त्यालाच मधल्या तासाभरात शवविच्छेदन करून मृत्यूच्या कारणाबद्दल मत द्यावे लागते, आणि तेच मत पुढे न्यायालयात शपथेवर सांगावे लागते.

२०२० च्या मे महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने करोनाबाधितांच्या न्यायवैद्यकीय शवविच्छेदनासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा आशय असा की, देह उघडून करावयाचे शवविच्छेदन टाळावे. बाह्य तपासणी, निरनिराळ्या बाजूंनी घेतलेली छायाचित्रे आणि तोंडी वर्णन यांवर भागवावे. अगदीच गरज पडली तर कमीत कमी छेद घेऊन काम करावे. आणि ज्या प्रकरणी गुन्ह्याचा संशय नाही तेथे तपासी अंमलदाराने शवविच्छेदनाची आवश्यकताच माफ करावी. त्यापूर्वी मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही शवविच्छेदन शक्यतो टाळण्याची सूचना दिली होती. हे मत भ्याडपणातून निघाले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोग नवा होता, लस नव्हती, संरक्षक पोशाखांचा तुटवडा असा की अतिदक्षता विभागातील परिचारिका एकच मुखपट्टी दिवसेंदिवस वापरीत होत्या. जिवंतांना पुरेना ते साधन मयताच्या तपासणीला कोठून द्यावे, हा प्रश्न खरोखर कठीण होता. शिवाय कवटी उघडण्यासाठी लागणारी विजेची करवत हाडाचा आणि द्रवाचा जो सूक्ष्म फवारा उडवते, तो हवेत तरंगत राहून श्वासावाटे आत जातो, हे सत्य क्षयरोगाच्या बाबतीत फार पूर्वीपासून ठाऊक होते.

परंतु त्याच वसंत ऋतूत युरोपात दुसरे मत पुढे येत होते. जर्मनीत रॉबर्ट कॉख संस्थेने प्रथम शवविच्छेदन टाळण्याचा सल्ला दिला होता. हॅम्बुर्गचे न्यायवैद्यक प्राध्यापक क्लाउस प्युशेल यांनी तो सल्ला अयोग्य ठरवून आपल्या शहरातील करोनाग्रस्तांचे देह क्रमाने उघडण्यास आरंभ केला, आणि थोड्याच आठवड्यांत संस्थेनेही आपली भूमिका बदलली. हॅम्बुर्गच्या पहिल्या सलग १२ देहांचा अहवाल मे २०२० मध्ये छापून आला. त्यांपैकी ७ जणांच्या पायांतील खोल शिरांत रक्ताच्या गाठी सापडल्या, आणि चौघांचा मृत्यू थेट फुप्फुसात अडकलेल्या गाठीने झाला होता. हयातीत त्या गाठींची शंका कोणालाही आलेली नव्हती. इटलीतील मिलान आणि बेर्गामो येथे ३८ जणांची फुप्फुसे तपासली गेली, त्यांतील ३३ जणांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत्या. फुप्फुसाचा रोग म्हणून ज्याच्याशी लढत होतो तो रक्तवाहिन्यांचाही रोग आहे, ही गोष्ट क्षकिरणांनी किंवा रोग्याच्या खोकल्याने सांगितली नाही. ती मयतांनी सांगितली, आणि रक्त गोठू न देणाऱ्या औषधांच्या वापराला तिने भरभक्कम आधार दिला. इंग्लंडमधील मायकेल ऑसबोर्न आणि सेबॅस्टियन ल्यूकस यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञांनी तर साथ युरोपात पुरती पसरण्यापूर्वीच लिहून ठेवले होते की, प्रत्येक देह संसर्गजन्य आहे असे मानून नेहमीची खबरदारी काटेकोरपणे घेणाऱ्या शवागारात हे काम सुरक्षितपणे होऊ शकते.

या वाक्यातील 'नेहमीची' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडेही काही डॉक्टरांनी धीर केला. ऑगस्ट २०२० मध्ये भोपाळच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत संशोधनासाठी करोनाग्रस्तांची शवविच्छेदने सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये बंगळूरला डॉ. दिनेश राव यांनी एका ६२ वर्षांच्या गृहस्थांचा देह उघडला आणि फुप्फुसे चामड्याच्या चेंडूसारखी कठीण झाल्याचे सांगितले. त्वचेवरून घेतलेल्या नमुन्यात त्यांना विषाणू मिळाला नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. सुधीर गुप्ता यांनी २०२१ मध्ये, मृत्यूनंतर बारा ते चोवीस तासांनी नाकातोंडातील विषाणू क्रियाशील राहत नसल्याचे आपले निरीक्षण जाहीर केले. उलटपक्षी, परदेशातील काही प्रयोगशाळांनी मृतदेहातील विषाणू त्याहून अधिक काळ जिवंत राहिल्याचे दाखवले. तेव्हा काळाचा हवाला देऊन निर्धास्त होता येत नाही. देह काही तासांत निरुपद्रवी होतो असे गृहीत धरून जो हातमोजे काढील त्याचे समर्थन मी करणार नाही. पण देहाला हात लावणेच अशक्य आहे ही कल्पनाही टिकली नाही. मृतदेहाच्या भयाची मजल कोठवर गेली होती याची साक्ष मुंबई उच्च न्यायालयाच्या २२ मे २०२० च्या निकालात आहे: वांद्र्याच्या दफनभूमीत करोनाग्रस्तांना पुरण्यास विरोध करणारी याचिका फेटाळताना, मृतदेहापासून रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे न्यायालयाला सांगावे लागले.

शवविच्छेदन करणाऱ्याला रोगाने गाठल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी नाहीत, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टेथोस्कोप शोधून काढणारा फ्रेंच वैद्य लाएनेक तरुणपणी पाठीचे मणके तपासत असताना करवतीचा ओरखडा त्याच्या बोटाला लागला आणि तेथे क्षयाची गाठ उठली. ती बरी झाली, परंतु १८२६ मध्ये तो क्षयानेच गेला. १८४७ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाचा न्यायवैद्यक प्राध्यापक कोलेच्का याच्या बोटात शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी शिरली आणि तो रक्तदोषाने मरण पावला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना मित्र सेमेलवाइस याला दिसले की, प्रसूतिगृहात मरणाऱ्या बाळंतिणींच्या देहात जे आढळते तेच येथे आहे, म्हणजे प्रेताचे विष डॉक्टरांच्याच हातांनी बाळंतिणींपर्यंत पोहोचते. दोन महिन्यांनी त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मरण ओसरले. आजच्या शवागारात पृष्ठभाग पुसायला जे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात ते त्याच क्लोरीनच्या कुळातले. मित्राच्या मृत्यूनंतर सेमेलवाइसने शवविच्छेदन बंद करण्याची मागणी केली नव्हती. त्याने पाण्याची तजवीज केली.

महाराष्ट्राशी जडलेले उदाहरण याहून बोलके आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातील रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे हे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ओळखले आणि पुढल्या वर्षी युरोपातील निरनिराळ्या देशांची वैद्यकमंडळे मुंबईत उतरली. ऑस्ट्रियाच्या मंडळात हेर्मान म्युलर, आल्ब्रेख्ट आणि गोन हे डॉक्टर होते. मुंबईच्या उष्म्यात, आजच्या कोणत्याही साधनाशिवाय, त्यांनी प्लेगचे रोगी तपासले आणि प्लेगने मेलेल्यांचे देह उघडले. येथून सर्व मंडळी सुखरूप परत गेली. संकट ओढवले ते व्हिएन्नात, १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबईहून नेलेल्या जंतूंवर प्रयोग चालू असताना. प्रथम मेला तो बारिश नावाचा प्रयोगशाळेतील सेवक, जो जनावरांचे पिंजरे आणि भांडी हाताळी. त्याच्यावर उपचार करता करता डॉ. म्युलर गेले, आणि शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिना पेखा हीही गेली. डॉ. म्युलरांचे नाव पाठ्यपुस्तकांत राहिले. बारिश मात्र त्या कथेचे पहिले वाक्य होऊन उरला, आणि माझा सारा युक्तिवाद त्या पहिल्या वाक्यापाशी उभा आहे.

या डोंगरपट्ट्यातील एका जागी, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, साथीच्या कितीतरी आधी एका आप्ताच्या अपघाती मृत्यूनंतर मी दुपारभर शवविच्छेदनगृहाच्या बाहेर चिंचेखाली बसून होतो. रुग्णालयाच्या आवाराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात एकच खोली, पत्र्याचे दार, आत सिमेंटचा ओटा आणि त्याच्या पायथ्याशी नाली. खिडकी एक होती; पण गावची पोरे डोकावतात म्हणून तिच्यावर बाहेरून पत्रा ठोकलेला होता. तरुण डॉक्टर दारात उभे राहून आत काय दिसते ते विचारीत आणि कागदावर टिपून घेत. आत प्रत्यक्ष काम करणारा मनुष्य रुग्णालयाचा सफाई कामगार होता. तो मधूनच पाण्यासाठी बाहेर आला तेव्हा मी त्याचे हात पाहिले. उजव्या हातमोज्याच्या तर्जनीचे टोक फाटले होते आणि ते त्याने पांढऱ्या दोऱ्याचे चार वेढे देऊन बांधले होते. नाकावर रुमाल होता. काम संपल्यावर त्याने दाभणाने देह शिवला, आमच्या लोकांना चेहरा दिसेल असा कपडा सारखा केला, आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुऊन तो बराच वेळ पायऱ्यांवर खोकत बसला. त्या दिवशी ओट्यावर असलेल्या माणसाला क्षय नव्हता. आदल्या दिवशीच्या माणसाला होता की नाही हे कोणी तपासले नव्हते.

साथीतील शवविच्छेदनावरची सगळी चर्चा वाचताना मला तो दोरा आठवत राहतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि आदिवासी तालुक्यांत, जेथे कुपोषण, स्थलांतर आणि मद्य यांचे रोगाशी संगनमत असते, तेथे अपघाताने किंवा विषाने मेलेल्या माणसाच्या फुप्फुसात न ओळखलेला क्षय असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. म्हणजे हवेतून पसरणाऱ्या रोगाचा देह आमच्या तालुक्यांतील ओट्यांवर दरसाल येतच होता. क्षयाच्या भयाने कोणी शवविच्छेदन थांबवले नाही. कारण क्षय व्हायचा तो खोलीच्या आतल्या माणसाला होई. २०२० मध्ये रोग दारात उभ्या असलेल्या माणसालाही होईल असे दिसले, तेव्हा कामच थांबवण्याचा हुकूम निघाला. हे वाक्य मी रागाने लिहीत नाही. तरुण डॉक्टरांबद्दल मला सहानुभूतीच आहे. त्यांना हे काम कोणी नीट शिकवलेले नसते आणि साधने मागितली तर मागणीपत्र दप्तरात पडून राहते. तरीही ज्या विकृतिशास्त्रज्ञांनी 'नेहमीची खबरदारी पुरे' असे लिहिले, त्यांच्याकडे ती नेहमी होती म्हणून त्यांना ते लिहिता आले. आमच्याकडे ती कधीच नव्हती म्हणून आम्हाला मनाई लिहावी लागली.

या मनाईची किंमत कोणी मोजली? विहिरीत सापडलेल्या विवाहितेचे उदाहरण घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला भिजलेला देह दिसतो, कपारीला घासलेल्या खरचटी दिसतात. ती पाण्यात पडून मेली की आधी गळा दाबून मग पाण्यात टाकली गेली, हे सांगणारे घोड्याच्या नालेच्या आकाराचे एक लहानसे हाड गळ्याच्या आत जिभेच्या मुळाशी असते, आणि ते मोडले असले तरी वरच्या कातडीवर वळदेखील नसण्याचा संभव असतो. छायाचित्र कितीही बाजूंनी घेतले तरी ते हाड छायाचित्रात येत नाही. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना स्त्री मेली आणि तिच्या आप्तांनी मागणी केली, तर शवविच्छेदनासाठी देह पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि संशयाच्या प्रकरणी अनुसंधान परिषदेनेही तपासणीचा मार्ग मोकळा ठेवला होता, हे खरे. पण संशय उत्पन्न कोण करतो? माहेरची माणसे करतात. टाळेबंदीत जिल्ह्यांच्या हद्दी बंद, एसटी बंद, डांगमध्ये किंवा पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर राहणाऱ्या बापाला निरोप पोहोचायलाच रात्र उलटायची, आणि पोहोचला तरी नाक्यावर अडवला जाण्याचे भय. असा बाप अंत्यविधीला येऊ शकला नाही तर पंचनाम्यात 'कोणाचाही संशय अगर तक्रार नाही' हा मजकूर सहज लिहिला जातो, आणि मग माफी देण्यात कायद्याची कसलीच अडचण राहत नाही.

मनाईच्या बाजूचे डॉक्टर यावर म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे, की एका मृताला न्याय मिळावा म्हणून एका जिवंत कामगाराचा बळी देणार काय? मी म्हणतो, मुळीच नाही. तो कामगार मला मयतापेक्षा अधिक मोलाचा आहे. पण त्याचे रक्षण मनाईने झाले असे जे आपण समजतो ते खोटे आहे; त्याचे रक्षण फक्त त्या साथीपुरते आणि त्या रोगापुरते झाले, आणि पुढे लस आल्यावर तो पुन्हा त्याच खोलीत, तशाच हातमोज्यांनिशी उभा राहिला.

जे करावयास हवे ते अवघड नाही, आणि दिल्लीच्या यंत्रांची त्याला गरज नाही. २०२१ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या संस्थेत देह न उघडता क्षकिरणांच्या साहाय्याने शवतपासणी करणारे केंद्र सुरू झाले. ते स्तुत्य आहे, परंतु अशी यंत्रणा कळवणच्या खोऱ्यात येईपर्यंत आणखी एखादी साथ येऊन जाईल. येथे साध्या गोष्टी पुरतात: विजेची करवत बाजूला ठेवून हातकरवत ओल्या फडक्याखाली चालवणे. रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्यांमध्ये, सुरीला दाद न देणारा विणलेला हातमोजा घालणे. टोकदार कात्रीच्या जागी बोथट टोकाची वापरणे. देहाच्या पोकळीत एका वेळी एकाच माणसाचे हात असावेत असा नियम पाळणे. चेहऱ्याला चपखल बसणारी मुखपट्टी. आणि अवयव लगेच न चिरता फॉर्मालिनमध्ये भिजत ठेवून मग तपासणे: या प्रत्येक गोष्टीची किंमत तालुक्याच्या रुग्णालयाच्या खर्चात न बसण्याइतकी नाही. ज्या देहात संसर्गाची शंका प्रबळ असेल तेथे जाड सुईने फुप्फुस, यकृत यांचे नमुने घेण्याची पद्धत आहे. तिचा एक फायदा असा की, 'साहेब, चिरफाड तेवढी करू नका' अशी विनवणी करणाऱ्या नातेवाइकांचे मनही तिने राखले जाते. सुई मात्र विहिरीतल्या स्त्रीच्या गळ्याला पुरणार नाही. तेथे सुरीच हवी, आणि ती शिकलेल्या हाताने चालवायला हवी. म्हणून माझी मुख्य मागणी मनुष्यांविषयी आहे: ज्याच्या हातात सुरी आहे त्याला सफाई कामगार या नावाखाली न ठेवता शवविच्छेदन साहाय्यक म्हणून शिक्षण, पगार, दरवर्षी क्षयाची तपासणी आणि कावीळ-बची लस द्यावी, आणि डॉक्टरांनी दार सोडून ओट्यापाशी उभे राहावे. मी पाहिलेल्या शवविच्छेदन अहवालांत देह आणणाऱ्या शिपायाचे नाव असते, पंचांची नावे पंचनाम्यात असतात, डॉक्टरांची सही असते. उघडणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

आणि राहिली हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २४ मार्च २०२० रोजी मृतदेह हाताळण्याविषयी ज्या सूचना दिल्या, त्यांत ताशी १२ वेळा हवा बदलणारी यांत्रिक खोली सांगितली आहे. पण त्याच वाक्यात, यंत्र नसेल तेथे पुरेशा नैसर्गिक वायुवीजनाची खोलीही चालेल असे नमूद केले आहे, आणि त्याचे माप सेकंदाला १६० लिटर हवा असे दिले आहे. हे वाक्य दिल्लीपेक्षा कळवणसाठी लिहिले गेले आहे असे मला वाटते. गिरणेच्या खोऱ्यात वाऱ्याची वाण नाही. समोरासमोरच्या भिंतींत, डोकावणाऱ्या पोराच्या डोक्यापेक्षा उंच, जाळी बसवलेल्या दोन रुंद खिडक्या पाडाव्यात. ओटा असा ठेवावा की वारा काम करणाऱ्याच्या पाठीकडून येऊन देहावरून पलीकडच्या खिडकीने बाहेर जाईल, आणि त्या बाजूला चिंचेखाली नातेवाइकांना बसू देऊ नये. गवंड्याचे हे दोन दिवसांचे काम आहे. पत्रा काढायला तर पक्कड पुरते.